एका कीबोर्डात दहा वाद्यं, प्रत्येकाचा हात वेगळा

कॅसिओच्या पीएक्स-एस३००० या डिजिटल पियानोत ७०० टोन, म्हणजे तयार आवाज, आहेत. त्याच वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये, यामाहाचा सीपी८८ हा स्टेजवरचा कीबोर्ड आला तेव्हा त्यात फक्त ५७ आवाज होते आणि किंमत मात्र कितीतरी जास्त. दोन्ही शेजारी ठेवले की पहिला प्रश्न हाच येतो: जास्त पैसे मोजून कमी आवाज का घ्यायचे?

उत्तर असं की टोनची यादी ही नावांची यादी असते. ‘ब्राइट पियानो’, ‘मेलो पियानो’, ‘स्टेज पियानो’ या तीन नावांच्या मागे पुष्कळदा एकच ध्वनिमुद्रण असतं, फक्त इक्वलायझर (खर्ज-तीव्र कमी-जास्त करणारा) आणि रिव्हर्ब (घुमारा) बदललेला. त्यामुळे आकड्यापेक्षा एकेका आवाजाच्या आत किती काम केलंय ते तपासावं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, प्रत्येक आवाज एका खऱ्या यंत्राची नक्कल आहे. ते यंत्र कसं चालायचं हे कळलं की तो आवाज कसा वाजवायचा हे आपोआप कळतं. सगळं काही पियानोच्या हातानं वाजवणं ही स्टेजवर सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक आहे.

पियानोपासूनच सुरू करू, कारण परीक्षा तिथेच घेता येते. मधला एकच स्वर अगदी हळू ते अगदी जोरात असा वीसेक वेळा वाजवा. आवाज फक्त मोठा न होता उजळतही गेला पाहिजे, आणि तोही पायरी न जाणवता. पायरी ऐकू आली तर ध्वनिमुद्रणाचे थर कमी आहेत. मग सगळ्या पट्ट्या ओळीनं वाजवत जा. एखाद्या ठिकाणी शेजारच्या दोन स्वरांचा पोत एकदम बदलला, तर तिथे एका नमुन्याची, म्हणजे मुद्रित केलेल्या एका स्वराची, हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते. खर्जातला एक स्वर पेडल दाबून वीस सेकंद धरा. शेवटाकडे तोच तुकडा फिरून फिरून ऐकू येत असेल, तर संथ गाण्यात तो उघडा पडणार. शेवटची परीक्षा: डाव्या हातानं एक कॉर्ड आवाज न काढता हळूच दाबून ठेवा आणि उजव्या हातानं खालचा सूर तोडून वाजवा. दाबलेल्या तारा मागे गुणगुणल्या पाहिजेत. खऱ्या पियानोत त्या गुणगुणतातच.

एक गोष्ट हेडफोनवर कधीच कळत नाही. पियानोचे नमुने स्टीरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या अशा दोन बाजूंचे, असतात आणि मैदानातली साउंड सिस्टिम बहुतेक वेळा मोनो, म्हणजे एकाच बाजूची. डावी-उजवी बाजू मिक्सरवर एकत्र केली की काही कंपनं एकमेकांना खातात, आणि घरी भरदार वाटलेला पियानो पातळ, पोकळ ऐकू येतो. अनेक मॉडेलांत खास मोनो पियानो दिलेला असतो, तो निवडावा. नसेल तर ‘एल/मोनो’ लिहिलेल्या एकाच जॅकमधून वायर काढून आधी ऐकून घ्यावं.

पॉलिफनीचा, म्हणजे वाद्य एका वेळी किती आवाज काढू शकतं याचा, हिशोबही इथेच लागतो. काही वाद्यांत स्टीरिओ पियानोच्या एका स्वराला दोन आवाज खर्च होतात. वर स्टीरिओ स्ट्रिंग्जचा (व्हायोलिनच्या ताफ्याचा) लेअर, म्हणजे सोबत वाजणारा दुसरा टोन, लावला की चार. पेडल दाबलेलं असताना ३२ स्वर घुमत असले की १२८ ची पॉलिफनी संपली, आणि जुने स्वर मध्येच तुटायला लागतात. उपाय सोपा: स्ट्रिंग्जच्या लेअरला पेडल बंद करायचं. नव्वद टक्के वेळा ते ऐकायलाही जास्त स्वच्छ लागतं.

इलेक्ट्रिक पियानो म्हणून तीन अगदी वेगळी वाद्यं एकाच बटणाखाली कोंबलेली असतात. ऱ्होड्समध्ये हातोडी टाइन नावाच्या पोलादी काडीवर पडते आणि समोरचा चुंबकीय पिकअप तिची थरथर पकडतो. हळू वाजवलं तर घंटेसारखं, जोरात वाजवलं तर गुरगुरल्यासारखं. म्हणून ऱ्होड्सला बोटांचा दाब बदलता ठेवावा लागतो, एकाच जोरानं वाजवलं की तो मेलेला लागतो. मधल्या सी-च्या खाली एक सप्तक गेल्यावर जवळजवळचे तीन स्वर धरू नयेत, गढूळ होतं. वुर्लिट्झरमध्ये पोलादी पात असते. आपल्या पेटीतल्या सुराचीच ती बहीण, पण पेटीत तो हवेनं कापतो आणि इथे पातीवर हातोडी पडते. ६४ पट्ट्यांचं वाद्य ते. आवाज नाकातून आल्यासारखा आणि लवकर विरणारा, म्हणून तो गिटार-ड्रमच्या गर्दीतही वाट काढतो. तिसरा १९८३ च्या यामाहा डीएक्स७ चा. त्यात मुद्रण नाही, हातोडी नाही, सहा ऑपरेटर, म्हणजे कंपनं तयार करणारे सहा इलेक्ट्रॉनिक घटक, एकमेकांची कंपनं बदलून आवाज घडवतात. ऐंशीच्या दशकातली संथ प्रेमगीतं वाजवायची असतील तर हाच काढा, त्या जागी ऱ्होड्स लावला तर गाण्याचा काळच चुकतो.

क्लॅव्हिनेट या तारांच्या इलेक्ट्रिक कीबोर्डबद्दल एवढंच: पट्टी दाबली की रबराचं टोक तारेला खाली आपटून धरतं, पट्टी सोडली की तार गप्प. मूळ वाद्याला सस्टेन पेडल, म्हणजे स्वर धरून ठेवणारं पेडल, नव्हतं. पाय उचला, दोन्ही हातांनी तबल्यासारखे छोटे बोल काढा.

आता ऑर्गन, आणि इथे थोडा वेळ द्यायलाच हवा, कारण याच विभागात माणसं सर्वांत जास्त हुकतात. हॅमंड बी-३ या प्रसिद्ध इलेक्ट्रिक ऑर्गनमध्ये ९१ दातेरी चक्रं फिरत असतात आणि प्रत्येक चक्र एक स्वच्छ, साधा स्वर देतं. नऊ ड्रॉबार म्हणजे हे स्वर कमी-जास्त मिसळायच्या नऊ दांड्या, प्रत्येक ० ते ८ पर्यंत ओढायची. दांड्यांवर लिहिलेले फुटांचे आकडे पाठ करण्यापेक्षा आपल्या भाषेत लक्षात ठेवणं सोपं. वाजवलेला स्वर सा धरला तर दांड्या डावीकडून अशा येतात: खर्जातला सा, प, मूळ सा, वरचा सा, त्याचा प, आणखी वरचा सा, मग ग, प आणि सर्वांत वरचा सा. तिसरी दांडी म्हणजे मूळ स्वर. पहिल्या तीन पूर्ण ओढून बाकीच्या आत, म्हणजे ८८ ८००० ०००, ही सर्वांत उपयोगी जुळवणी. सातव्या दांडीत शुद्ध गंधार आहे, त्यामुळे कोमल गंधाराच्या मायनर कॉर्डवर ती फार ओढली की खटकतं. हे एक कळलं तरी ऑर्गनवरचा निम्मा गोंधळ संपतो.

हॅमंडची पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच. चढ-उतार सगळा उजव्या पायाखालच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या एक्स्प्रेशन पेडलवर. ते पेडल नसेल तर ऑर्गन सपाट वाजणार, याला दुसरा इलाज नाही. पेडल घेताना एक सांभाळावं: वेगवेगळ्या कंपन्यांची अंतर्गत जोडणी वेगळी असते. चुकीचं पेडल लावलं तर आवाज उलटा चालतो, किंवा शेवटच्या टोकाला एकदम उडी मारतो.

पर्कशन चालू केलं की पहिल्या स्वरावर एक टणक ठोका येतो, पण हात पूर्ण उचलल्याशिवाय तो पुन्हा येत नाही. स्वर एकमेकांत गुंतवून वाजवणाऱ्याला म्हणूनच वाटतं की पर्कशन बिघडलं. बिघडलेलं नसतं, बोटं सुटी करा. मूळ बी-३ मध्ये पर्कशन लावल्यावर नववी दांडी मुकी व्हायची, आणि चांगल्या नकलांत तीही खोड जशीच्या तशी ठेवलेली असते.

ऑर्गनचा आवाज फिरवणाऱ्या लेस्ली स्पीकरशिवाय ही गोष्ट अर्धी राहते. पेटीएवढ्या नव्हे, कपाटाएवढ्या त्या खोक्यात वर कर्णा फिरतो आणि खाली ढोल. वेग दोन, संथ आणि जलद. कर्णा हलका, तो साधारण सेकंदभरात वेग घेतो, ढोलाला काही सेकंद लागतात. ऐकायला गोड असतो तो हा मधला काळ. म्हणून संपूर्ण गाणं जलद वेगावर ठेवू नये. ओळ संथ ठेवावी आणि धरलेल्या शेवटच्या कॉर्डवर वेग बदलावा. बी-३, त्याचं बाक आणि पायपट्ट्या मिळून वजन २०० किलोच्या आसपास जायचं. आज सात-आठ किलोच्या ६१ पट्ट्यांत हे सगळं येतं. फक्त एक अडचण: जड, हातोडीच्या पट्ट्यांवर ऑर्गनची तळव्यानं घसरती मींड नीट निघत नाही, बोटं सोलवटतात. ऑर्गन जास्त आणि पियानो कमी असेल तर हलक्या पट्ट्यांचंच मॉडेल घ्यावं.

स्ट्रिंग्ज आणि पॅड (मागे धरून ठेवायचा मऊ, लांब आवाज) यांची एकच मोठी चूक असते, उशीर. १२० च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. स्ट्रिंग्जचा अटॅक, म्हणजे आवाज पूर्ण भरायला लागणारा वेळ, २०० मिलिसेकंद असेल तर मात्रेचा जवळजवळ चाळीस टक्के भाग गेल्यावर आवाज भरतो, आणि सगळ्यांना वाटतं कीबोर्डवाला मागे पडतोय. जलद गाण्याला अटॅक कमी करून वेगळा पॅच, म्हणजे साठवलेली जुळवणी, ठेवावा. पॅडचा रिलीजही, म्हणजे पट्टी सोडल्यावर आवाज विरायचा वेळ, तपासा, तो लांब असला की आधीची कॉर्ड पुढच्या कॉर्डमध्ये सांडते. ब्रासला (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांना) दोन-तीन स्वर पुरेत, दहा बोटांचा ब्रास कोणताच बँड वाजवत नाही.

मराठी भावगीतांच्या, नाट्यगीतांच्या किंवा अभंगांच्या कार्यक्रमात कीबोर्डवाल्याकडून पेटी, बासरी, सतार, संतूर अपेक्षित असतात, आणि पियानोला प्राधान्य देणाऱ्या मॉडेलांत हे आवाज नसतात किंवा नावापुरते असतात. घेण्याआधी बाहेरचे नमुने भरता येतात का ते पाहा. नॉर्ड स्टेज ३ मध्ये पियानोसाठी २ जीबी आणि इतर नमुन्यांसाठी वेगळी ४८० एमबी जागा आहे, तिथे पेटी सहज बसते.

पेटीचा आवाज मिळाला तरी काम संपत नाही. तिची पट्टी दाबण्याच्या जोराचा आवाजाशी संबंध नाही, आवाज भात्यावर. म्हणून टच ‘फिक्स्ड’ करायचा, म्हणजे कितीही जोर लावला तरी आवाज तेवढाच, सस्टेन पेडल बंद करायचं आणि भात्याचं काम एक्स्प्रेशन पेडलला द्यायचं. पाय हलका, सतत हलता ठेवला की भाता चालल्यासारखं वाटतं. पेटी साधारण तीन ते साडेतीन सप्तकांची असते, त्याबाहेर गेलं की कानाला लगेच खोटं लागतं. दुहेरी सुरांची भरीव पेटी हवी असेल तर तोच टोन एक सप्तक खाली दुसऱ्या लेअरला, पहिल्यापेक्षा थोडा हळू लावावा. रिव्हर्ब जवळजवळ शून्य. गायकाच्या शेजारी बसलेली पेटी घुमत नाही.

बासरी आणि शहनाईला मोनो मोड (एका वेळी एकच स्वर) आणि लेगाटो (स्वर जोडून वाजणं) लावा, म्हणजे दोन स्वर एकत्र वाजणार नाहीत. पिच बेंडची, म्हणजे स्वर वर-खाली ओढणाऱ्या चाकाची किंवा दांडीची, मर्यादा सहसा दोन अर्धस्वर असते. ती तशीच ठेवून रे वाजवून ग पर्यंत न्यायचा सराव करा. पाच-सात अर्धस्वरांपर्यंत वाढवली की मींड लांब मिळते, पण जरा हात चुकला तरी बेसूर. सतारीला मात्र मोठी मर्यादा हवीच.

सुराचा मुद्दा मी सर्वांत वर ठेवीन. साथीची खरी पेटी ४४२ हर्ट्झला लावलेली असेल आणि कीबोर्ड ४४० ला, तर फरक जवळपास ८ सेंटचा (अर्धस्वराचे १०० भाग म्हणजे सेंट) पडतो. एकट्यानं कळत नाही, दोन्ही एकत्र वाजले की स्वर थरथरतो. पेटी बदलता येत नाही, कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग एका मिनिटात बदलतं. पहिल्या गाण्याआधी ते करावं. गायिकेनं काळी चार सांगितली की ट्रान्सपोज (सगळी पट्टी वर-खाली सरकवणारं बटण) वापरायला हरकत नाही, पण तो पॅचमध्ये साठवू नये, कारण पुढच्या गाण्यात तो विसरला जातो. काही वाद्यांत ट्रान्सपोज केल्यावर स्प्लिटची, म्हणजे डाव्या-उजव्या हाताचे टोन जिथे वेगळे होतात ती, जागाही सरकते, तेही घरी तपासून घ्यावं.

सगळ्यात जास्त कार्यक्रम बिघडतात ते आवाजाच्या पातळ्यांमुळे. हेडफोनवर सारखे वाटलेले पॅच स्पीकरवर तसे राहत नाहीत. एकच चार मात्रांचा तुकडा प्रत्येक पॅचवर वाजवा, मिक्सरच्या मीटरकडे बघा आणि जास्त आवाजाचे पॅच खाली आणा, कमी आवाजाचे वर नेऊ नका. मास्टर व्हॉल्यूम साधारण तीन चतुर्थांशावर ठेवून साउंडवाल्याला तिथूनच लेव्हल द्या. बासवाला असेल तर डाव्या हाताचा खालचा भाग रिकामा ठेवा आणि ३०० हर्ट्झच्या आसपास थोडं कापा, गायकाचे शब्द स्पष्ट होतील.

सस्टेन पेडलवर पाय ठेवून वाद्य चालू करू नका. बऱ्याच मॉडेलांत पेडलची दिशा त्याच क्षणी ठरते आणि मग पाय उचलल्यावर स्वर धरले जातात. असं झालंच तर वाद्य बंद करून, पाय काढून पुन्हा चालू करायचं. मांडवात जनरेटरवर व्होल्टेज पडलं की कीबोर्ड क्षणात रिसेट होतो आणि पुन्हा उभा राहायला वेळ लागतो, त्यामुळे अॅडॅप्टर छोट्या यूपीएसमधूनच घ्यावा. लॅपटॉप यूएसबीनं जोडल्यावर गुणगुण आली तर डीआय बॉक्सवरचा (कीबोर्ड मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे अर्थिंग तोडणारं बटण, दाबा. आणि सगळे पॅच पेनड्राइव्हवर साठवून तो पेनड्राइव्ह कीबोर्डच्या बॅगेत नव्हे, खिशात ठेवा.