मशीनवर जुनीच प्लेट

पणजीतल्या एका मराठी दैनिकात मी सर्व्हर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाक मलाच येते. ८ मार्च २०२२ च्या मंगळवारी सकाळी चहा घेता घेता मेल उघडले, तर डेबियनकडून, म्हणजे आमच्या सर्व्हरवरची लिनक्स बनवणाऱ्यांकडून, सुरक्षेची सूचना आलेली. लिनक्सच्या कर्नलमधली, म्हणजे तिच्या गाभ्यातली, ‘डर्टी पाइप’ नावाची फट, क्रमांक सीव्हीई-२०२२-०८४७, सोमवारी जगजाहीर झाली होती. मशीनवर साधं खातं असलेला कोणीही तिच्यातून थेट रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होऊ शकत होता.

आणि गुरुवारी, १० तारखेला, गोवा विधानसभेच्या ४० जागांची मतमोजणी.

संपादकांच्या केबिनमध्ये गेलो, रीबूट हा शब्द उच्चारला आणि पुढचं बोलायची गरजच उरली नाही. “निकालाचा अंक मशीनवर चढेपर्यंत सर्व्हर बंद करायचं नाव काढू नको.” मग जरा मवाळ होऊन, “पॅच टाक की. बंद कशाला करायचा?”

हा प्रश्न मला दर वेळी कोणी ना कोणी विचारतं आणि मी दर वेळी लांबण लावतो. त्या दिवशी मात्र नीट सुचलं. म्हटलं, “सर, पानात दुरुस्ती केली, पीडीएफ नवी काढली, पण छपाईच्या मशीनवर जुनीच प्लेट फिरतेय. अंक कसा निघेल?” त्यांना तत्काळ कळलं. पॅच टाकला की नवं कर्नल डिस्कवर येतं. मेमरीत चालू असतं ते जुनंच. मशीन थांबवून प्लेट बदलावी लागते. चालू कर्नलवर ठिगळ लावायची सोयही असते, पण ती आमच्याकडे बसवलेली नव्हती.

“शुक्रवारी पहाटे,” ते म्हणाले. “प्लेटा गेल्यावर.”

म्हणजे तीन रात्री काढायच्या होत्या.

फट काय आहे ते समजून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. जर्मनीतल्या एका होस्टिंग कंपनीत काम करणाऱ्या मॅक्स केलरमन यांना ती सापडली, तीही भलतंच शोधताना. ग्राहकांच्या लॉगच्या, म्हणजे नोंदींच्या, झिप केलेल्या फाइली अधूनमधून खराब निघत. खराब असायचे फक्त शेवटचे आठ बाइट, आणि बहुतेकदा महिन्याच्या शेवटच्या दिवसाचीच फाइल. ज्या प्रोग्रॅमला त्या फाइलीत लिहायची परवानगीच नव्हती, त्याचा मजकूर तिच्यात उतरत होता.

कारण असं: फाइलीतला मजकूर पाइपमधून, म्हणजे एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्या नळीतून, पाठवताना कर्नल त्याची प्रत काढत बसत नाही, मेमरीतल्या त्याच पानाकडे (पान म्हणजे मेमरीचा एक तुकडा) बोट दाखवतं. पाइपच्या प्रत्येक कप्प्यावर एक खूण असते, ‘या पानात पुढे भर घातली तरी चालेल’ अशी. ती खूण आधीच्या वापरातून तशीच राहून जायची, पुसली जायची नाही. मग फक्त वाचायला दिलेल्या फाइलीच्या पानातही भर पडायची. कर्नलच्या ५.८ आवृत्तीपासून हे असंच चालू होतं. दुरुस्ती दोन ओळींची, दोन ठिकाणी खूण शून्य करायची.

टेबलाखाली पडलेल्या जुन्या पीसीवर मी करून पाहिलं. रूटच्या मालकीची, कोणालाही लिहिता न येणारी एक फाइल केली, आत दहा आकडे. साध्या खात्यातून प्रयोग चालवला. उघडून पाहिलं तर मधले चार आकडे बदललेले! पहिला बाइट मात्र हलत नाही, कारण पानाच्या अगदी सुरुवातीला ही युक्ती चालत नाही, आणि फाइलीची लांबीही वाढवता येत नाही. मग मेमरीतली कॅश, म्हणजे फाइलींच्या तात्पुरत्या प्रती, रिकामी केली, पुन्हा फाइल उघडली, आणि मूळचे दहा आकडे जागच्या जागी. डिस्कवर काही उतरलंच नव्हतं. चोर येऊन गेला तरी रीबूटनंतर ठसा मिळणार नाही, हे कळल्यावर पोटात गोळा आला.

आमचे सर्व्हर तीन. सर्वांत म्हातारा, ज्याला मी दोन वर्षं शिव्या घालतोय, त्याच्यावर डेबियन १० आणि ४.१९ चं कर्नल, म्हणजे फट येण्याआधीचं. तो नेमका सुरक्षित! उरलेले दोन डेबियन ११ चे, एक वेबसाइटचा आणि एक पानांचा.

तीन रात्री काढायच्या तर आत येणारी माणसं कमी करायला हवी होती. खात्यांची यादी काढली आणि लाज वाटली. सोडून गेलेल्या शिकाऊ उपसंपादकांची नऊ खाती जिवंत होती. ती बंद केली. तालुक्यांतल्या बातमीदारांना फक्त फाइल टाकण्यापुरता प्रवेश ठेवला, कमांड चालवायची सोय काढून घेतली. बाहेरून एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायची वाट, बंद. पेडण्याच्या बातमीदाराने विचारलं, “काय रे, आमच्यावर विश्वास ना?” म्हटलं, “दादा, विश्वास आहे, तुमच्या पासवर्डवर नाही.”

वेबसाइटचा सर्व्हर मात्र संपादकांनी मंगळवारी रात्री दोन वाजता रीबूट करू दिला. वर आला, मी ‘युनेम -आर’ ही चालू कर्नलचं नाव सांगणारी कमांड मारली, आणि पुन्हा तेच: ५.१०.०-११. रीबूटच्या आधीही हेच नाव होतं. पंधरा मिनिटं मी पॅच बसलाच नाही असं धरून चाललो होतो. त्यातच कुठेतरी वाचलेलं, की दुरुस्ती ५.१०.१०२ मध्ये आली. मग ‘आर’ऐवजी ‘व्ही’ लावलं, तेव्हा खरा क्रमांक दिसला, ५.१०.९२-२. डेबियनवाल्यांनी जुन्याच कर्नलला तेवढी दुरुस्ती शिवून दिली होती आणि बाहेरचं नाव तेच ठेवलं होतं. फरक शेवटच्या एका आकड्याचा, एकाचा दोन. जुन्या पीसीवरही हेच कर्नल चढवून प्रयोग पुन्हा चालवला. आकडे जागचे हलले नाहीत. तेव्हा झोपलो.

पानांच्या सर्व्हरची कथा वेगळी. तो मी चवथीच्या सुट्टीत डेबियन ११ वर आणला होता, आणि तेव्हापासून एकदाही बंद नव्हता. १८० दिवस. हे मी लोकांना अभिमानाने सांगत असे. प्रत्यक्षात अपडेट आपोआप येत होते, नवनवी कर्नलं डिस्कवर साचत होती आणि चालू होतं पहिलंच, ५.१०.०-८. संपादकांना प्लेटेची गोष्ट सांगणारा मी सहा महिने जुन्या प्लेटेवर अंक काढत होतो.

गुरुवारची रात्र निकालाची. भाजपला २० जागा, बहुमताला एक कमी, आणि पहिलं पान तीनदा बदललं. शेवटची प्लेट गेली तेव्हा तीन वाजून गेले होते. तोवर डेबियनने आणखी एक कर्नल सोडलं होतं, ५.१०.१०३. एवढ्या मिनतवारीने रीबूट मिळालाय तर ताजंच चढवू म्हटलं. मध्येच लाल ओळ: डिस्कवर जागा नाही. ‘बूट’चं विभाजन, म्हणजे डिस्कवरचा कर्नलं ठेवायचा कप्पा, अडीचशे एमबीहून लहान, आणि आत चार कर्नलं बसलेली. चालू असलेलं आठ नंबर ठेवायचं, अकरा ठेवायचं, नऊ-दहा काढायची. पहाटे साडेतीनला ‘काढून टाक’ अशी कमांड देताना मी नंबर मोठ्याने वाचतो, तसे वाचले. शेजारी फोरमन घडीचा पहिला अंक घेऊन उभे. “कोणाशी बोलतोस रे?”

जागा झाली, कर्नल बसलं, रीबूट दिला. हा सर्व्हर उठायला चार मिनिटं घेतो आणि त्या चार मिनिटांत पडदा काळा असतो. खाली गाड्यांत गठ्ठे भरले जात होते. मग लॉगिन आलं. ५.१०.०-१२.

घरी जाऊन झोपलो. अकराला फोन: “अरे, जुन्या फोटोंचा फोल्डर रिकामा दिसतोय!” फोटोंची डिस्क चवथीत मीच हाताने जोडली होती, आणि मशीन सुरू होताना ती आपोआप जोडली जावी म्हणून लिहायची ओळ लिहिलीच नव्हती.