एस्ते घराण्याची वंशावळ आयांच्या बाजूने वाचायची

मध्ययुगीन इटलीतल्या सरदार घराण्यांच्या वंशावळी वाचायचा मला नाद आहे, आणि त्यात एस्ते घराणं सगळ्यात आवडतं. फेरारा आणि मोदेनावाले एस्ते. छापील वंशवृक्ष बघितला की बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू असं सरळ उतरत जातं आणि बायकांची नावं बारीक अक्षरात कोपऱ्यात कुठेतरी, काही ठिकाणी तर तीही नाहीत. पण या घराण्यात जिथे जिथे काही उलथापालथ झाली ना, तिथे आई कोण हाच प्रश्न होता. म्हणून मी हे झाड आता आयांच्या बाजूने वाचते.

मूळ पुरुष ओबेर्तो, दहाव्या शतकातला. उत्तर इटलीचा मोठा सरदार, मिलान आणि पूर्व लिग्युरियाचा मुलूख त्याच्याकडे. त्याच्या वंशातला दुसरा आद्झो, ज्याने पादुआजवळच्या एस्ते गावात किल्ला बांधून बस्तान बसवलं आणि घराण्याला नाव मिळालं ते त्या गावाचं. हा आद्झो 1097 साली वारला तेव्हा खूपच म्हातारा होता, शंभरीला टेकला होता असं सांगतात. 1077 च्या जानेवारीत सम्राट चौथा हेन्री कानोस्साच्या किल्ल्याबाहेर बर्फात पोपच्या माफीसाठी ताटकळत उभा होता ना, तेव्हा रदबदली करणाऱ्यांत हाही होता.

पण मला आद्झोपेक्षा त्याची पहिली बायको महत्त्वाची वाटते. कुनिगुंडे. दक्षिण जर्मनीतल्या वेल्फ घराण्याची मुलगी. तिचा भाऊ तिसरा वेल्फ 1055 साली बिनवारस मेला आणि मरताना सगळी मालमत्ता मठाला देऊन गेला. संपलं असतं घराणं तिथेच. पण त्याची आई इमिझा जिवंत होती, आणि ती काही गप्प बसली नाही, तिने सरळ इटलीला माणसं धाडली आणि लेकीच्या मुलाला, म्हणजे आद्झो आणि कुनिगुंडेच्या पोराला बोलावून घेतलं, मठाचा दावा गेला बाजूला आणि नातू सगळ्याचा मालक झाला. तो चौथा वेल्फ. 1070 मध्ये बव्हेरियाचा ड्यूक झाला. एका आजीने मठाच्या तोंडचा घास काढून घेतला आणि नव्याने वेल्फ वंश सुरू झाला, ज्याचा मूळ बाप इटालियन. याच फांदीवर पुढे हॅनोव्हरचे राजे, 1714 पासून इंग्लंडचे जॉर्ज, आणि शेवटी राणी व्हिक्टोरिया. म्हणजे मुंबईत आपण ज्या स्टेशनला वर्षानुवर्षं व्हीटी म्हणत आलो त्या व्हिक्टोरियाचं बापाकडचं मूळ पार एस्तेच्या आद्झोपर्यंत जातं. आद्झोला दुसऱ्या बायकोपासून, फ्रान्समधल्या मेन परगण्याच्या गार्सेंडपासून फुल्को झाला, आणि इटलीत राहिलेले एस्ते ते या फुल्कोचे.

आता गंमत अशी की हा दोन घराण्यांचा सांधा पुढे लोक पक्क्या पुराव्याने सांगूच शकत नव्हते. सोळाव्या शतकात फेराराच्या दरबारात घराण्याचं मूळ थेट ट्रॉयच्या हेक्टरपर्यंत नेऊन भिडवलं होतं, कवी आरिओस्तोने त्यावर महाकाव्यात भरपूर लिहिलंय. वाचायला झकास, पण कागद कुठेय? कागद शोधला तो लायब्निट्झने. हो, तोच, कॅल्क्युलसवाला! हॅनोव्हरच्या ड्यूकने 1685 मध्ये त्याला घराण्याचा इतिहास लिहायचं काम दिलं आणि हा माणूस 1687 ला निघाला तो जवळजवळ तीन वर्षं जर्मनी, ऑस्ट्रिया, इटलीतली दप्तरखानी धुंडाळत फिरला. आउग्सबुर्गच्या मठात एका जुन्या हस्तलिखितात धागा लागला, मग मोदेनाच्या दप्तरात आठवडेच्या आठवडे बसला, आणि 1690 च्या फेब्रुवारीत पो नदीच्या खोऱ्यातल्या वांगादित्सा मठात पोचला. तिथे आद्झो आणि कुनिगुंडेची थडगी होती. इटलीतल्या मठात जर्मन सरदाराची लेक एस्तेवाल्या नवऱ्यासोबत पुरलेली आहे, म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीचं लग्न सिद्ध! मला हा प्रसंग कितीही वेळा वाचला तरी भारी वाटतं. एवढा मोठा गणिती, फेब्रुवारीच्या थंडीत एका मठात जातो, कशासाठी तर एका बाईचं माहेर नक्की करायला. पुढे मोदेनाचा ग्रंथपाल मुरातोरी यानेही एस्तेंच्या प्राचीन इतिहासाचे दोन जाडजूड खंड काढले, 1717 आणि 1740 मध्ये, तिथे दस्तऐवजच्या दस्तऐवज छापलेत.

आता इटलीतल्या फांदीकडे या. 1264 मध्ये सातवा आद्झो मेला. त्याचा मुलगा रिनाल्दो सम्राट दुसऱ्या फ्रेडरिककडे ओलीस होता आणि 1251 मध्ये तिकडे दक्षिणेतच मेला होता. वारस उरला कोण, तर रिनाल्दोचा अनौरस मुलगा ओबित्सो. त्याची आई नेपल्सकडची कपडे धुणारी बाई होती असं म्हणतात. तिचं नाव वंशवृक्षात नाही. पण तिच्या पोराला आजोबांनी बोलावून घेतलं, पोपकडून त्याला औरस ठरवून घेतलं आणि सतराच्या आसपासचा तो मुलगा फेराराचा कायमचा धनी म्हणून जाहीर झाला. पुढचे सगळे फेरारावाले एस्ते त्या धुणाऱ्या बाईची लेकरं आहेत, हे मला कुठल्याही हेक्टरपेक्षा मोठं वाटतं. (ओबित्सो स्वतः काही भला माणूस नव्हता, कवी दांतेने आपल्या महाकाव्यात त्याला नरकात उकळत्या रक्ताच्या नदीत घातलंय.)

आणि हे एकदाच नाही झालं. तिसरा निक्कोलो, 1441 ला वारला, तो स्वतः विवाहबाह्य, आणि त्याची एवढी मुलं की लोकांत म्हणच पडली, पो नदीच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, सगळी निक्कोलोचीच पोरं. त्याच्यानंतर गादीवर आला लिओनेल्लो, मग बोर्सो, दोघंही स्तेल्ला नावाच्या बाईचे, लग्नाच्या बायकोचे नव्हेत. लग्नाचा मुलगा एर्कोले घरात होता तरी त्याचा नंबर लागला 1471 मध्ये. याच बोर्सोला 1452 मध्ये सम्राटाने मोदेना आणि रेज्जोचा ड्यूक केलं. आपल्याकडच्या जुन्या कागदांत ज्यांना लेकावळे म्हणायचे तसे हे, पण इथे राज्य चालवायला तेच पुढे, आणि कुणी हरकत घेत नव्हतं.

हरकत आली 1597 ला. दुसरा आल्फोन्सो, तीन लग्नं करून निपुत्रिक मेला. वारस म्हणून चुलतभाऊ चेझारे. त्याची आजी लाउरा दियांती, फेरारातल्या टोप्या करणाऱ्याची मुलगी, तित्सियानने तिचं देखणं चित्र काढलंय. चेझारेचा आजोबा पहिला आल्फोन्सो, त्याने मरायच्या आधी तिच्याशी लग्न केलं होतं असं घराण्याचं म्हणणं. पोप आठवा क्लेमेंट म्हणाला लग्न झालंच नव्हतं, आणि अनौरस वंशाला चर्चची जहागीर मिळणार नाही असा नियम 1567 पासून आहे, तेव्हा फेरारा आमचं. फेरारा मुळात पोपची जहागीर होती ना. पण मोदेना आणि रेज्जो सम्राटाच्या, आणि सम्राट रुडॉल्फने त्याच चेझारेला बिनतक्रार मान्य केलं. तोच माणूस, तीच आजी, एका गावात वारस नाही आणि शेजारच्या गावात वारस आहे! मला यात पोपचा राग येतो, उघड सांगते. तीन शतकं धुणाऱ्या बाईचा वंश चालला, त्याला औरस करून दिलं ते पोपनेच, आणि मग शहर गिळायची वेळ आली तेव्हा आजीचं लग्न तपासायला निघाले. 1598 च्या जानेवारीत चेझारे दप्तरं, चित्रं, सामानसुमान गाड्यांवर लादून मोदेनाला गेला. लायब्निट्झला पुढे मोदेनात जे दप्तर बघायला मिळालं ते या स्थलांतरामुळे तिथे होतं.

मोदेनात मग अजून दोनशे वर्षं. शेवटी मुलगे संपले आणि उरली एकटी मुलगी, मरिया बिआत्रिचे. तिचं लग्न 1771 मध्ये ऑस्ट्रियाच्या फर्डिनांडशी झालं आणि मुलांनी आईचं नाव लावलं, ऑस्ट्रिया-एस्ते. सारायेव्होला 1914 मध्ये गोळी लागली तो फ्रान्झ फर्डिनांडही हेच नाव लावायचा, वारसाहक्काच्या अटीने मिळालेलं.

मरिया बिआत्रिचेची आई मात्र जास्त कुणाला माहीत नसते. मरिया तेरेसा चिबो-मालास्पिना, मास्सा आणि कारारा इथली स्वतःच्या हक्काने डचेस, संगमरवराच्या खाणींचा मुलूख तिच्याकडे. आणि मालास्पिना हे ओबेर्तोच्याच दुसऱ्या फांदीचं घराणं, तिच्या घरात तेही सोळाव्या शतकातल्या रिच्चार्दा मालास्पिना या बाईकडून आलेलं. म्हणजे आठेक शतकांपूर्वी फुटलेल्या दोन फांद्या मरिया बिआत्रिचेमध्ये परत एक झाल्या, आणि छापील झाडात बापाच्या रेघेवर बोट ठेवून वाचलं तर हे दिसतच नाही, तिच्या आईकडे जावं लागतं.