आधी हिरड्या पाहा

गडचिरोली जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात मार्चअखेरीस मोहफुले वेचण्याचा हंगाम सुरू झाला, की आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मधमाश्यांनी डंख मारलेली जनावरे येऊ लागतात. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो, त्याचा धूर शेजारच्या एखाद्या उंच झाडावरच्या आग्या मोहोळापर्यंत पोहोचतो आणि मोहोळ उठते. माणसे दुपट्टा डोक्यावर ओढून पळतात, पण कुत्री पळण्याऐवजी माश्यांवर झडप घालतात आणि त्यांना जास्त डंख बसतात.

त्या सकाळी एक आजी आणि त्यांचा नातू मालवाहू ऑटोतून दोन कुत्री घेऊन आले. आजींच्या मांडीवरच्या पिल्लाचे तोंड एका बाजूने इतके सुजले होते, की त्याचा डावा डोळा मिटून गेला होता आणि ते सारखे केकाटत होते. मोठा शेरू ऑटोच्या कोपऱ्यात निमूट पडून होता.

“पिल्लाले पायना जी डाक्टर सायेब, मरते का हो थे?” आजींचा आवाज कापत होता. नातू म्हणाला, “शेरूचं बरं हाये जी. एक डाव ओकला अन् निजला, थकला नुसता.”

मी पिल्लाचे तोंड उघडून जीभ आणि घसा पाहिला. श्वास मोकळा होता, श्वासाला आवाज नव्हता. एवढी खात्री करून मी त्याला आजींच्या मांडीवरच ठेवले आणि शेरूकडे वळलो, याचे आजींना वाईट वाटले हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. शेरूचा ओठ उचलला तेव्हा हिरड्या फिकट पांढऱ्या पडलेल्या होत्या. निरोगी कुत्र्याच्या हिरडीवर अंगठा दाबून सोडला, तर दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत येतो. येथे तो येता येत नव्हता. पंजे गार होते आणि मांडीच्या आतल्या बाजूची नाडी बारीक व फार जलद चालली होती.

चेहऱ्याची सूज पाहून लोक घाबरतात आणि ते स्वाभाविकही आहे, पण श्वास अडत नसेल तर ती सूज बहुधा औषधाने उतरते. कुत्र्यांमध्ये तीव्र ॲलर्जीचा मोठा आघात यकृतावर आणि आतड्यांवर होतो, रक्तदाब कोसळतो, आणि म्हणून उलटी, पातळ जुलाब, अशक्तपणा ही लक्षणे डंखानंतर काही मिनिटांतच दिसू लागतात. तोंडावर सूज मुळीच नसली तरी हे घडू शकते. मांजरांमध्ये हाच आघात प्रामुख्याने श्वसनावर होतो, त्यामुळे तोंड उघडे टाकून धापा टाकणारे मांजर दिसले तर क्षणभरही थांबू नये.

शेरूचे वजन साधारण वीस किलो असावे. मी ॲड्रेनालिनचे ०.२ मिली मांडीच्या स्नायूत दिले, पुढच्या पायाच्या शिरेत सुई बसवून सलाईन जोरात सुरू केले आणि त्यानंतर ॲलर्जीविरोधी औषध दिले. नुसत्या ॲलर्जीच्या इंजेक्शनवर असा कोसळलेला प्राणी सावरत नाही.

सलाईन चालू असताना आम्ही काटे काढायला बसलो. मधमाशीचा काटा उलट्या दातऱ्यांचा असतो. तो विषाच्या पिशवीसकट कातडीत तुटून राहतो आणि माशी गेल्यावरही पिशवी आकसत राहून विष आत सोडते. कानामागे, काखेत आणि पोटाच्या विरळ केसांत ते बारीक काळे काटे, त्यांच्या टोकाला चिकटलेल्या पांढुरक्या पिशवीसह, स्पष्ट दिसत होते. काटा नखाने खरवडावा की चिमट्याने ओढावा यावर वेळ घालवू नये. जे हाताशी असेल त्याने तो लवकर काढणे महत्त्वाचे. गांधीलमाशी मात्र काटा सोडत नाही, तेथे शोधत बसण्यात अर्थ नाही.

पिल्लाच्या वरच्या ओठात एकच काटा निघाला. तो काढून गार पाण्यात भिजवलेले फडके लावले आणि एक इंजेक्शन दिले. आजींनी वाटेत त्याच्या ओठाला चुना लावला होता, तो मी धुऊन टाकला. त्याने विष उतरत नाही, उलट कातडी भाजते. घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही जनावराला देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर उठू शकते.

तासाभरात शेरूने मान उचलली. नातू त्याला घरी न्यायला निघाला, पण मी नेऊ दिले नाही, कारण इतके डंख बसलेल्या प्राण्याच्या तांबड्या पेशी आणि स्नायू विषाने फुटू लागतात व त्याचा भार पुढच्या एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडावर पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेरूची लघवी कोऱ्या चहासारखी झाली. सलाईन चालूच ठेवले, किती लघवी होते त्यावर नजर ठेवली आणि संध्याकाळी त्याने थोडा भात खाल्ला. त्यानंतर रंग हळूहळू निवळत गेला आणि लघवी पिवळी झाल्यावरच मी त्याला सोडले.

न्यायला आजी स्वतः आल्या होत्या. उरलेला मोह वेचायला पुन्हा त्याच झाडाखाली जायचे आहे, तर काय करावे, असे त्यांनी विचारले. पाचोळा जाळू नका, खराट्याने झाडून काढा आणि मोहोळ तेथे असेपर्यंत दोघांनाही घरी बांधून ठेवा, असे मी सांगितले. जाण्यापूर्वी त्यांनी शेरूचा ओठ स्वतः उचलून पाहिला.