पाण्यावरचं अन्न

ऋषिपंचमीच्या आठवड्यात आम्ही मिनियापोलिसहून चार तास गाडी हाकत विस्कॉन्सिनमधल्या बेफिल्डला गेलो. तिथून फेरीने वीसेक मिनिटांवर मॅडेलिन बेट. सुपिरिअरला सरोवर म्हणतात खरं, पण आहे समुद्रच, फक्त खारा वास नाही.

हे बेट चिपेवांचं, म्हणजे ओजिब्वे लोकांचं मूळपीठ. पूर्वेकडून निघालेल्या त्यांच्या पूर्वजांना सांगणं होतं, पाण्यावर अन्न उगवतं तिथे थांबा. ते अन्न म्हणजे मनोमिन, जंगली तांदूळ. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८३७ च्या करारात त्यांची दक्षिणेकडची जमीन गेली, पण शिकार, मासेमारी आणि हा तांदूळ गोळा करायची मुभा राहिली. करारात तांदळाचं नाव घेतलंय, हे मला फार आवडलं.

सरकारला मात्र हे लोक इथून हलवायचेच होते. १८५० मध्ये जमिनीच्या मोबदल्याची वार्षिक रक्कम आणि धान्य इथे न देता ऐन हिवाळ्याच्या तोंडावर दूर मिनेसोटातल्या सँडी लेकला बोलावलं. रक्कम वेळेवर आलीच नाही, धान्य सडकं. सुमारे ४०० माणसं दगावली. मग नव्वदी ओलांडलेले चीफ बफेलो १८५२ मध्ये बर्चच्या सालीच्या होडीतून निघाले आणि थेट वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांना भेटले. हलवण्याचा हुकूम मागे घेतला गेला. १८५४ च्या करारात इथल्या इथेच राखीव जमिनी मिळाल्या. बफेलोंची कबर याच बेटावरच्या ला पॉइंटच्या दफनभूमीत आहे.

दुसऱ्या दिवशी बॅड रिव्हर या ओजिब्वेंच्या राखीव भागाच्या बाजूला एक आजी तांदूळ पाखडताना दिसल्या. होडीतून एकाने बांबूसारख्या लांब काठीने रेटायचं, दुसऱ्याने दोन हलक्या दांडक्यांनी ताटं वाकवून दाणे झोडायचे. काही पाण्यात पडतात, तेच पुढच्या वर्षीचं बियाणं. मग कढईत भाजायचं, मऊ चामडी जोड्यांनी तुडवायचं आणि सालीच्या परडीत पाखडायचं. मनगटाचा तो झटका पाहून वाड्याची माझी आजी आठवली. तीही पंचमीला बैलाच्या कष्टाचं नको म्हणून तळ्यातला देवभात असाच सुपात पाखडायची. भाताची जात वेगळी, पण दोन्ही न पेरता आलेले.

एक पाकीट घेतलं. आजी म्हणाल्या, हा हातभाजणीचा, वीस मिनिटांत होतो. घरी येऊन मी सवयीने कुकरला तीन शिट्ट्या दिल्या. झाकण काढलं तर धुराचा सुरेख वास आणि खाली नुसता लगदा. ऋषीच्या भाजीबरोबर तोच खाल्ला.