मेसेज तोच, जागा चुकलेली

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत आमचा एक डिराइव्ह मॅक्रो आहे, म्हणजे स्ट्रक्ट (फील्डचा गट) बघून त्यासाठी आपोआप कोड लिहिणारा कोड. स्ट्रक्टच्या दोन फील्डना एकच की (ओळखीचं नाव) दिली गेली, तर तो कंपाइल होऊ देत नाही. दुसऱ्या फील्डखाली खूण करून ‘ही की आधीच वापरली आहे’ असं सांगतो. याची टेस्ट म्हणजे कोड पडला पाहिजे, आणि आमच्याच कारणाने पडला पाहिजे. डॉकटेस्टवर (डॉक्युमेंटेशनमधल्या उदाहरणाच्या टेस्टवर) नुसतं कंपाइल-फेल लिहून हे होत नाही; कुठल्याही कारणाने पडलं तरी चालतं. इम्पोर्ट विसरला तरी ती पास! म्हणून ट्रायबिल्ड ही टेस्टची लायब्ररी: मुद्दाम चुकवलेली एक फाइल, आणि शेजारी कंपाइलरचं अपेक्षित आउटपुट, ओळ-कॉलमसकट.

एके दिवशी टूलचेनचं (कंपाइलर आणि त्याच्या साधनांचं) अपडेट आणि एका सहकाऱ्याने केलेली कोडची फेरमांडणी एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मंजुरीला पाठवतात त्यात) आली. नव्या कंपाइलरने मेसेजांची भाषा बदलली की सीआय (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) लाल होतं, हे ठरलेलं. सहकाऱ्याने ओव्हरराइट मोड चालवला, म्हणजे आत्ताचं आउटपुटच अपेक्षित म्हणून लिहून टाकलं; सगळं हिरवं. म्हणजे विद्यार्थ्याने लिहिलं तेच आदर्श उत्तर. डिफ (बदललेल्या ओळींची यादी) लांबलचक होता, दोघांनी त्याला अप्रूव्हलही देऊन टाकलं होतं. एवढा डिफ कुणी वाचत नाही, नुसता स्क्रोल करतात.

एका फाइलमध्ये मात्र मेसेज जसाच्या तसा होता, फक्त जागा बदलली होती. खुणा फील्डखालून उठून वर डिराइव्हच्या कंसातल्या नावाखाली, दहाव्या कॉलमपासून. खाली नवी टीप, एरर डिराइव्ह मॅक्रोमधून आल्याची. यात कंपाइलरचा काय दोष? कोड उघडला. आधी की टोकन (कोडचा मूळ तुकडा, जागेच्या माहितीसकट) म्हणूनच तपासल्या जायच्या. आता त्यांच्या स्ट्रिंग करून हॅशमॅपमध्ये टाकल्या होत्या. स्ट्रिंगला स्पॅन (कोडमधली मूळ जागा) नसतो. डुप्लिकेट सापडेपर्यंत ती कुठल्या ओळीतून आली ते हरवलेलं, मग एररला कॉल-साइटचा (मॅक्रो जिथे बोलावला त्या जागेचा) स्पॅन चिकटवला. तीस फील्डच्या स्ट्रक्टमध्ये वापरणाऱ्याने शोधत बसायचं. ‘मेसेज तर बरोबर आहे ना?’ असं सहकारी म्हणाला. मॅक्रो फक्त लिहिणारे असंच म्हणतात.

मी मॅपमध्ये कीसोबत स्पॅन ठेवला, खुणा परत फील्डखाली आल्या. आता आमचे मेसेज एका फोल्डरमध्ये, कंपाइलरचे दुसऱ्यात. दुसरं फक्त पिन केलेल्या (ठरवून ठेवलेल्या) कंपाइलर व्हर्जनवर चालतं, आणि ओव्हरराइटला वेगळी पुल रिक्वेस्ट लागते. ट्रेट बाउंडचे (टाइपकडून एखादी क्षमता मागणाऱ्या अटीचे) एरर कुठे टाकायचे ते अजून ठरलेलं नाही: स्पॅन आमचा, शब्द कंपाइलरचे.