फुगलेली बॅटरी, सव्वादोन वर्षांचं बिल आणि एक मेल

टचपॅडचं क्लिक बसेनासं झालं तेव्हा पहिला संशय मी शेंगाचटणीवर घेतला. काम करता करता जेवायची खोड आहे, गेला असेल भुगा आत. दोन दिवस ब्रशने झाडलं. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, झाकण मिटलं तरी फट राहू लागली. उलटा करून पाहिला तर खालचं कव्हर मधोमध पोटासारखं वर आलेलं. आई शेजारी ज्वारी निवडत होती. म्हणाली, "भाकरी फुगली तर बरं. हे कशाला फुगलंय?"

मी टॉवेलच्या कारखान्यांना जकार्डची डिझाइनं करून देतो. दिवसभर लॅपटॉप चालू, चार्जर कायम लावलेला, टेबल पश्चिमेच्या खिडकीला लागून, आणि मे महिन्यातलं सोलापूर. पारा ४३. लिथियम-आयन बॅटरी सतत शंभर टक्क्यांवर आणि वर असल्या उकाड्यात राहिली, की आतल्या इलेक्ट्रोलाइटचं विघटन होऊन वायू तयार होतो. त्याला बाहेर पडायला वाट नसते, मग पाकीटच फुगतं. म्हणजे थोडा दोष माझाही. हे मी कंपनीला काही सांगितलं नाही.

चार्जर काढला, लॅपटॉप बंद केला आणि स्कूटरच्या डिकीत घालून नवी पेठेतल्या एका दुकानात नेला. हा शुद्ध मूर्खपणा होता. मे महिन्यात डिकी म्हणजे भट्टी. दुकानदाराने पाहिलं न पाहिलं. "ओ सर, काय होत नाही. टाचणीनं हवा काढतो, वरून टेप मारतो. नाहीतर नवी घाला दोन हजारात, कंपनीसारखीच येते." टाचणी ऐकली आणि मी लॅपटॉप उचलला. अशा बॅटरीला भोक पडलं की आतले थर एकमेकांना टेकतात, शॉर्ट होतं आणि ती पेटू शकते. ज्याला तो हवा म्हणत होता तो वायूही जळणाराच.

घरी आल्यावर लॅपटॉप जिन्याखाली मोकळ्या फरशीवर ठेवला. आईने एक रिकामी कुंडी दिली, त्यात कोरडी वाळू भरून शेजारी ठेवली.

मग कंपनीचे फोन. "सर, बॅटरी कन्झ्युमेबल आहे, तिला एकच वर्ष वॉरंटी." लॅपटॉपला तीन वर्षांची, बॅटरीला एक, आणि माझं बिल सव्वादोन वर्षांपूर्वीचं. वॉरंटीच्या पुस्तिकेत खरंच तसं छापलेलं होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. दुसऱ्या फोनला तेच उत्तर. तिसऱ्याला एवढी प्रगती झाली, की पुण्याच्या सेंटरला आणा, बघून सांगू. कुरिअरवाल्याने तर 'फुगलीय' ऐकताच हात जोडले. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला बंदीच आहे.

त्या रात्री डोक्यात आलं, की आपण चुकीच्या दारात उभे आहोत. बॅटरी चार्ज धरत नाही, ही वॉरंटीची तक्रार. बॅटरी फुगली, ही सुरक्षेची. मी तीनही वेळा वॉरंटीच मागत होतो. मग मेल लिहिला. मॉडेल, सिरियल नंबर, बिलाची प्रत आणि तीन फोटो. एका फोटोत फटीला पट्टी लावलेली, किती मिलिमीटर ते दिसावं म्हणून. वॉरंटी हा शब्दच वापरला नाही. शेवटी लिहिलं: ही बॅटरी मी मे महिन्यात अडीचशे किलोमीटर एसटीने पुण्याला आणावी असं आपलं म्हणणं असेल, तर तसं लेखी कळवावं, वाटेत काही झाल्यास जबाबदारी कोणाची, तेही कळवावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी आहे, याचा एका ओळीत उल्लेख केला. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबरही काढून ठेवला होता, पण तो लावायची वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला, या वेळी वेगळ्याच विभागातून. धूर निघाला का? वास आला का? कुणाला इजा? आणि मग, "बाहेर कुठे उघडला होता का, सर?" नाही म्हणालो. नवी पेठेतला तो टेप लागला असता तर सगळं तिथेच संपलं असतं.

नऊ दिवसांनी टेक्निशियन घरी आला. तोवर भाच्याच्या डेस्कटॉपवर कशीबशी दोन डिझाइनं ओढली. टेक्निशियन पोराने आधी कनेक्टर काढला, मग स्क्रू, आणि बॅटरी कुठेही न दाबता अलगद उचलली. नवी बसवली, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबेल अशी सेटिंग करून दिली. पावतीवर बॅटरी शून्य, व्हिजिट शून्य. टचपॅड मात्र अजून एका कोपऱ्यात कुरकुरतो. तो बदलून द्यायला ते तयार झाले नाहीत, आणि माझ्यातही आणखी एक मेल लिहायचा दम नव्हता. टेबल तेवढं खिडकीपासून हलवलं.

जुनी बॅटरी न्यायला पोरगा तयार होईना. "मी बाइकवर आलोय सर, सॅकमध्ये नको. गाडी पाठवतील." २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांची आहे, म्हणून 'बॅटरी ग्राहकाकडे, उचलायची बाकी' असं पावतीवर लिहून घेतलं. सहा दिवस ती जिन्याखाली, कुंडीतल्या वाळूत होती. गाडी येऊन गेली त्या संध्याकाळी आईने वाळू लांब नेऊन टाकली. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तरी तिने कुंडी तीनदा धुतली. तिच्यात तुळस लावायची नाही म्हणते.