मोठ्या बाबांचा चेहरा कोळशात उतरवताना

मोठ्या बाबांना कमी ऐकू येतं. नागपूरच्या एका कापड गिरणीत, विणकाम खात्यात, त्यांची उमेदीची वर्षं गेली. शेकडो माग एकदम सुरू असले की शेजारी उभ्या माणसाचाही आवाज पोचत नाही, म्हणून त्या खात्यातली माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकायची. गिरणी सुटली, सवय राहिली. आजही कोणी त्यांच्याशी बोलायला लागलं की त्यांचा उजवा कान थोडा पुढे येतो, भुवया वर चढतात आणि नजर समोरच्याच्या ओठांवर जाऊन थांबते. मला काढायचा होता तो हा चेहरा.

घरात त्यांच्या फोटोंना तोटा नाही. लग्नांतले आहेत, गणपतीतले आहेत, गिरणीच्या ओळखपत्रावरचा एक जुना काळापांढरा आहे. पण त्यातल्या एकातही हा चेहरा सापडत नाही, आणि त्याला कारण आहे. कॅमेरा समोर आला की सगळे गप्प होतात. कोणी बोलतच नसलं तर मोठे बाबा ऐकणार कोणाचं? ते ताठ उभे राहतात आणि भिंगाकडे बघतात. समोर बसवून काढावं, तर ते एका जागी बसणाऱ्यांतले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "काढ नं, पण मले बसवून ठेवू नको." म्हणजे फोटोंचा आधार घ्यावा लागणारच होता.

फोटोवरून व्यक्तिचित्र काढणं कमी प्रतीचं, असं मानणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. फ्रान्सिस बेकन (1909-1992) हा चित्रकार माणूस समोर बसवण्यापेक्षा फोटोवरून काम करणं पसंत करायचा. जॉन डीकिन या छायाचित्रकाराकडून त्याने आपल्या मित्रमैत्रिणींचे फोटो मुद्दाम काढून घेतले होते, आणि त्यावरून रंगवलेले चेहरे बघितले तर कोणी त्यांना नक्कल म्हणणार नाही. फोटोकडे आपण काय मागायला जातो, यावर सगळं ठरतं. "चेहरा दे" म्हणून गेलो तर फोटो स्वतःच चित्र होऊन बसतो.

म्हणून फोटो काढायच्या आधी मी एका चिठ्ठीवर एक वाक्य लिहिलं आणि ड्रॉइंग बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवलं: "कानांचं काम डोळे करताहेत." पुढे कुठलीही रेघ ठेवायची की पुसायची, हे मी या वाक्याला विचारून ठरवलं. हे काम हातात कोळसा घेण्याआधीचं आहे, आणि माझ्या मते व्यक्तिचित्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच.

मे महिना होता. नागपुरात दुपारी खिडक्या बंद असतात, उजेड येतो तो फक्त दारातून, एका बाजूने. व्यक्तिचित्राला असा एकाच बाजूचा उजेड फार चांगला: नाकाची, गालफडाची, हनुवटीखालची सावली स्पष्ट पडते आणि चेहऱ्याचे उंचसखल भाग कळतात. दुसरी मदत कूलरची झाली. त्याच्या घरघरीत मोठ्या बाबांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही आणि त्यांची नजर ओठांवर आणखी घट्ट बसते. वहिनीला मी त्यांच्यासमोर बसवलं आणि सांगितलं, की घरातलं काहीही बोल, भाजीपासून लाइटच्या बिलापर्यंत. मी तिच्या खांद्यामागे उभी राहिले.

फोनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण इथे बारीक गोष्टींनी फरक पडतो. फोन चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला की नाक मोठं येतं आणि कान मागे पळतात. हा दोष भिंगाचा नसतो, अंतराचा असतो. म्हणून मी 6-7 फुटांवरून दुप्पट झूम करून टिपलं. त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर बंद केला. सावल्या आपोआप उजळवणारी एचडीआरची सोयही बंद केली, कारण मला सावलीच हवी होती. पोर्ट्रेट मोड तर वापरलाच नाही, तो कानांच्या आणि केसांच्या कडा पुसून टाकतो. सुट्या फोटोंपेक्षा व्हिडिओ जास्त कामी आला. ऐकणं ही घडत जाणारी गोष्ट आहे: आधी नजर जाते, मग भुवया, मग त्यांचे स्वतःचे ओठ समोरच्या शब्दाबरोबर जरासे हलतात. कुठल्याही एका क्षणात हे तिन्ही एकत्र सापडत नाही.

यानंतर मी फोटो वाटून घेतले. एका फोटोला एकच प्रश्न विचारायचा, असा नियम. समोरून काढलेला फोटो मापासाठी. दारातल्या उजेडाचा फक्त सावलीसाठी, आणि तोही फोनमध्ये काळापांढरा करून, डोळे किलकिले करून बघायचा. व्हिडिओतल्या काही फ्रेम भुवया आणि पापण्यांसाठी. ओळखपत्रावरचा जुना फोटो हाडांसाठी. तरुणपणी गालाचं हाड कुठे होतं ते कळलं की आज त्याखाली खळगा का पडलाय तेही कळतं. लग्नातला एक सुंदर फोटो मी बाजूला ठेवला. तो एका व्यावसायिक छायाचित्रकाराने काढलेला आहे. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा छायाचित्रालाही कलाकृती मानतो, त्यामुळे दुसऱ्याची चौकट आणि दुसऱ्याचा उजेड उचलून कागदावर आणणं मला योग्य वाटलं नाही.

मापाचं चित्र मी ग्राफ टाकून काढलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या दिवसांपासून आपल्याकडे ही पद्धत सगळ्यांना माहीत असते. अंतिम चित्रात ग्राफ नको होता, पण अभ्यासाला हरकत नाही. त्यातून दोन गोष्टी हाताला कळल्या. दात गेल्यामुळे मोठ्या बाबांचं नाकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर आखूड झालंय आणि वरचा ओठ आत वळलाय. आणि त्यांची डावी भुवई उजवीपेक्षा खाली आहे. वयस्क चेहरा काढताना आपण सुरकुत्यांच्या मागे लागतो. पण सुरकुत्या न काढताही वय दिसतं, जर हे खालचं अंतर बरोबर आलं तर. ते चुकलं तर शंभर सुरकुत्या काढूनही तरुण माणसाला रेघा मारल्यासारखं दिसतं.

माप हातात बसल्यावर फोन स्वयंपाकघरातल्या डब्यांमागे ठेवला आणि आठवणीतून काढायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ नावाचे चित्रकलेचे शिक्षक होते. ते विद्यार्थ्यांची दृष्टीची स्मृती तयार करून घ्यायचे: आधी बघा, मग वस्तूपासून दूर जाऊन काढा. प्रसिद्ध शिल्पकार रोदँ त्यांचा विद्यार्थी. मी तसंच केलं. व्हिडिओ थोडा बघायचा, दुसऱ्या खोलीत जायचं, काढायचं. स्वस्त कागदावर, झरझर, न पुसता. असं केलं की डोक्यात जे टिकतं तेवढंच कागदावर येतं. शर्टाची बटणं, मागची भिंत, कानातले केस गळून पडतात. माझ्या सगळ्या कागदांवर मान फोटोतल्यापेक्षा जास्त कललेली आली, प्रत्येक वेळी. मी ती तशीच ठेवायची ठरवली. कॅमेऱ्याने मोजला तो कोन एका क्षणाचा होता. मला आठवत होता तो इतक्या वर्षांचा.

खरा गुंता डोळ्यांचा होता, आणि त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. भुवया वर चढल्या की कपाळावर आडव्या वळ्या पडतात. सहसा त्याबरोबर डोळेही मोठे होतात, आणि मग तो चेहरा चकित दिसतो. मोठे बाबा चकित नसतात. भुवया वर असतात, पण नजर ओठांवर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांपेक्षा थोडी खाली असते, आणि नजर खाली गेली की वरची पापणीही तिच्याबरोबर उतरते. वर ताणलेलं कपाळ आणि खाली उतरलेली पापणी, या दोघांच्या ओढाताणीत त्यांचं ऐकणं आहे. फोटोत ते एवढं बारीक होतं की जसंच्या तसं काढलं असतं तर ती फक्त झोपाळलेली नजर वाटली असती. म्हणून मी भुवया फोटोपेक्षा वर नेल्या, बुबुळं फोटोपेक्षा खाली ठेवली आणि पापणीची सावली गडद केली. चित्रासमोर उभं राहिलं की ते आपल्या डोळ्यांत बघत नाहीत, तोंडाकडे बघतात, असं वाटायला हवं होतं.

अंतिम चित्रासाठी सीताबर्डीच्या बाजारातून अर्धा इम्पीरियल, म्हणजे साधारण 15 बाय 22 इंचांचा, थोडा दाणेदार कागद आणला, कोळशाच्या कांड्या आणि पुट्टी रबर, म्हणजे मळून हवा तो आकार देता येणारं मऊ खोडरबर. कूलरच्या दिवसांत कागद ओल धरतो, लाटा येतात आणि ओलसर कागदावरचा कोळसा पुसला जात नाही. त्यामुळे कागद बोर्डावर चारही बाजूंनी टेपने ताणून घेतला आणि काम पहाटे, कूलर बंद असताना केलं.

कोळसा आडवा धरून आधी तीनच छटा टाकल्या: कागदाचा पांढरा, एक मधली, एक काळी. पेन्सिलने बाह्यरेषा काढून आत भरत गेलं की चेहरा त्या रेषेत अडकतो, असा माझा अनुभव आहे. काय अर्धवट सोडायचं याचं धाडस मला केथे कोलवित्झ या जर्मन चित्रकर्तीच्या चित्रांनी दिलं. तिचं 1933 चं कोळशातलं एक आत्मचित्र आहे: बाजूने दिसणारा चेहरा मन लावून घडवलेला, आणि कोळसा धरलेला हात म्हणजे फक्त काही जोरकस नागमोडी फटकारे. तरी हात कुठेही कमी वाटत नाही. मी डोळे, ओठ आणि उजवा कान एवढ्यावरच काम केलं. डावा कान सावलीत विरू दिला. शर्ट म्हणजे खांद्याची एक तिरपी रेघ.

चेहरा उभा राहिल्यावर मगच डब्यांमागचा फोन काढला. आता फोटोला विचारायचं फारसं उरलं नव्हतं. कानाची पाळी किती लांब, ओठाचा कोपरा डोळ्याच्या कुठल्या भागाखाली येतो, एवढंच. मान कुठे जास्त कललीय, बुबुळ कुठे खाली गेलंय, हे फरक समोर दिसत होते. ते मी तसेच राहू दिले.

बोर्ड मोठ्या बाबांसमोर नेऊन धरला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "कोणाचं ऐकून राहिला हा?"

मला याहून जास्त काही नको होतं. पण त्यांचं बघणं संपलं नव्हतं. भुवयांवर बोट ठेवून म्हणाले, "इथं कापूस बसे तेव्हा. घरी येईपर्यंत राहे." खात्यातल्या हवेत सुताचा भुगा उडायचा, तो केसांत आणि भुवयांत अडकायचा, घरी आल्यावर आजी पदराने झटकायची, हे सगळं त्यांनी तिथेच उभ्याउभ्या सांगितलं. आजच्या त्यांच्या चेहऱ्यावर कापूस नाही, कुठल्याही फोटोत नाही. पण ऐकण्याची ही तऱ्हा ज्या हवेत तयार झाली तिचा तो भाग आहे. मी पुट्टी रबराला टोक काढलं आणि दोन्ही भुवयांतून थोडे पांढरे तंतू उचलून घेतले. मग गच्चीवर नेऊन, लांबून, दोन हलके हात देऊन फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा, मारलं.